टॅटू जुना होतो तेव्हा : पहिल्या दिवसापासून घ्यायची काळजी

खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं, मनगटावरचं गोंदण नीट पाहा. काजळी सुईनं टोचून काढलेलं ते गोंदण आता काळं नसतं, हिरवट-निळसर दिसतं. रेघाही जाड झालेल्या असतात. तरी तुळस तुळशीसारखीच दिसते आणि टिंब टिंबासारखं. जन्मभर शेतात, उन्हात राबलेल्या कातडीवर ते वाचता येतं, कारण आकृती साधी आहे, रेघ ठळक आहे आणि दोन रेघांमध्ये जागा भरपूर सोडलेली आहे. याउलट स्टुडिओत हौसेनं काढलेला, केसाएवढ्या रेघांचा बारीक टॅटू पाच-सात वर्षांत धुरकट झालेला पुष्कळदा दिसतो.

पहिलाच टॅटू काढणाऱ्यांना वाटतं की टॅटू चांगला राहणं चांगल्या क्रीमवर अवलंबून असतं. तसं नाही. नक्षी आणि जागा यांवर सगळ्यात जास्त ठरतं, मग पहिल्या महिन्यातल्या काळजीवर, मग उन्हावर. क्रीमचा नंबर त्यानंतर लागतो. हा लेख त्याच क्रमानं आहे.

शाई कुठे असते आणि का पसरते

कातडीचा वरचा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम ०.१ मि.मी. जाड असतो आणि साधारण महिनाभरात नवा होतो. शाई तिथेच राहिली तर सालीबरोबर निघून जाते. म्हणून सुई त्याच्या खालच्या थरात, साधारण १ ते २ मि.मी. खोलीवर शाई सोडते. शरीर शाईला परका पदार्थ समजतं आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशी तिचे कण गिळून बसतात. फ्रान्समधल्या मार्से इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मेली की तिच्यातली शाई बाहेर पडते आणि शेजारची नवी पेशी ती पुन्हा गिळते. टॅटू टिकतो तो असा, हातबदल होत. बारीक कण मात्र थोडे थोडे करून लसिकांमधून (ऊतींमधला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमधून) वाहून जातात, बाकीचे किंचित सरकतात. त्यातच वयानुसार कातडी पातळ आणि सैल होते. रेघ जाड आणि मऊ होण्याचं कारण हेच, आणि ते पूर्णपणे थांबवता येत नाही.

काळं गोंदण हिरवट का दिसतं? काजळीचा रंग बदलत नाही. खोलवर बसलेल्या काळ्या कणांकडे जाणारा प्रकाश वरच्या कातडीत विखुरतो आणि परतताना निळसर भाग जास्त येतो. शाई जितकी खोल, तितकी निळसर-हिरवट छटा अधिक.

शाई फारच खोल, चरबीच्या थरात गेली तर ती तिथे मोकळी पसरते आणि रेघेभोवती निळसर सावली उमटते. याला ब्लोआउट म्हणतात. तो आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतो, कोणत्याही मलमानं जात नाही आणि हा दोष काढणाऱ्याच्या हाताचा असतो, तुमच्या काळजीचा नव्हे. म्हणून आर्टिस्ट निवडताना ताज्या टॅटूचे फोटो पाहून भुलू नका. दोन-तीन वर्षं जुन्या कामाचे फोटो मागा. ताजा टॅटू कोणाचाही छान दिसतो.

पायरी १ : नक्षी अशी निवडा की फुगली तरी वाचता येईल

आज १ मि.मी. असलेली रेघ दहा-पंधरा वर्षांत दीडपट, कधी दुप्पट होईल असं धरून चाला. दोन रेघांमधली मोकळी जागा रेघेच्या जाडीच्या निदान तिप्पट हवी. तळहातापेक्षा लहान आकारात चेहरा काढू नका. डोळ्यांच्या पापण्या आणि ओठांची कड आधी विरते आणि मग चेहरा कोणाचा ते ओळखू येत नाही. आई-वडिलांचं चित्र काढून घेणाऱ्यांनी याबाबत तडजोड करू नये.

देवनागरी अक्षरांकडे इथे खास लक्ष द्यावं लागतं, कारण बहुतेक आर्टिस्ट मापं रोमन अक्षरांच्या सवयीनं ठरवतात. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य या जोड्या पाहा. त्यांच्यातला मोठा फरक शिरोरेषेतली फट आणि एक छोटीशी गाठ एवढाच. रेघ फुगली की फट बुजते, गाठ भरून येते आणि ‘ध’चा ‘घ’ वाटू लागतो. व आणि ब, प आणि ष यांत फरक पोटातल्या तिरक्या रेघेचा. पोट लहान असेल तर ते सगळंच काळं होतं. अनुस्वाराचं टिंब शिरोरेषेला चिकटतं, रफार मात्रेत मिसळतो. त्यामुळे :

- शिरोरेषेपासून खालपर्यंत अक्षराची उंची निदान १२ मि.मी. ठेवा. जोडाक्षरं असतील तर १५.
- ध, भ, थ यांच्या शिरोरेषेतली फट मुद्दाम मोठी, निदान २ मि.मी. काढून घ्या. स्टेन्सिलवर (कातडीवर आधी उमटवतात त्या नक्षीच्या ठशावर) ती विचित्र वाटेल, पण दहा वर्षांनी बरोबर दिसेल.
- अनुस्वार शिरोरेषेपासून निदान २ मि.मी. वर.
- सुलेखनाच्या बोरूसारखी जाड-बारीक रेघ सुंदर दिसते, पण तिचं बारीक टोक आधी पुसट होतं. सगळ्यात बारीक जागाही अर्ध्या मि.मी.पेक्षा कमी नको.
- स्टेन्सिल लावल्यावर शुद्धलेखन स्वतः वाचा आणि दुसऱ्या मराठी वाचणाऱ्याला वाचायला लावा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक नंतर दुरुस्त करणं फार अवघड असतं.

‘आई’ हा शब्द या कसोटीवर चांगला टिकतो : अक्षरं दोनच, मोकळी आणि मोठी. छत्रपती शिवाजी महाराजांची राजमुद्रा मात्र विचार करून काढावी. अष्टकोनात ३२ अक्षरांचा श्लोक आहे आणि त्यात ‘ष्णु’, ‘र्वि’, ‘श्व’ यांसारखी दाट जोडाक्षरं आहेत. ती दोन इंचांत बसवली तर काही वर्षांनी काळा अष्टकोन उरतो, आणि इतक्या आदरानं काढून घेतलेली गोष्ट वाचताच येऊ नये हे वाईट. वरची मापं धरली, मात्रा-उकारांची जागा धरली आणि श्लोक पाच-सहा ओळींत बसवला तर १० ते १२ सें.मी. उंची लागते. म्हणजे दंडाचा वरचा भाग, छाती किंवा पाठ. एवढी जागा द्यायची नसेल तर श्लोक सोडून नुसता अष्टकोन किंवा एखादं चिन्ह काढावं.

रंगांचं म्हणाल तर गव्हाळ आणि सावळ्या कातडीत शाईच्या वर आपल्याच रंगद्रव्याचा थर असतो आणि शाई त्यातून दिसते. काळा, गडद लाल, गडद निळा, गडद हिरवा हे रंग टिकतात आणि उठूनही दिसतात. फिकट पिवळा, गुलाबी, पांढरा काही महिन्यांत मळकट वाटू लागतो. पांढऱ्या शाईचा अख्खा टॅटू आपल्याकडच्या कातडीवर काढूच नये असं माझं मत आहे, तो जुन्या व्रणासारखा दिसतो. काळी शाई कार्बनची असते आणि उन्हाला सगळ्यात कमी दाद देते. लाल, पिवळ्या, केशरी शाईतली सेंद्रिय रंगद्रव्यं अतिनील किरणांनी फुटतात, म्हणून ते रंग काळ्यापेक्षा आधी उडतात. लाल शाईची ॲलर्जीही इतर रंगांपेक्षा जास्त आढळते.

पायरी २ : जागा, ऋतू आणि स्टुडिओ

दंड, कोपराखालचा आतला भाग, पाठ, मांडी, पोटरी इथे टॅटू चांगला राहतो. बोटं, तळहात, तळपाय, कोपराचं आणि गुडघ्याचं हाड इथे कातडी जाड असते, घासते, सतत वळते. तिथली शाई ठिकठिकाणी उडते, वर्षभरातसुद्धा. मनगटावर घड्याळाचा पट्टा किंवा बांगड्या, कमरेवर बेल्ट किंवा साडीची निरी खोचण्याची जागा, खांद्यावर बॅगेचा पट्टा या रोजच्या घर्षणाचाही विचार करा. पोटावरची नक्षी गरोदरपणात ताणली जाते. मूल हवं असेल तर ती नंतर काढणं बरं.

तीळ किंवा मस यांच्यावर कधीच टॅटू नको. त्यात पुढे काही बदल झाला तर दिसणार नाही. डाव्या दंडावरचा बीसीजीच्या लसीचा व्रण पाहा : तो सपाट किंवा खड्ड्यासारखा असेल तर ठीक, पण फुगून, पसरून गाठीसारखा झाला असेल किंवा कान टोचल्यावर तिथे गाठ आली असेल तर तुमच्या कातडीचा कल केलॉइडकडे, म्हणजे व्रण वाढत जाऊन गाठ होण्याकडे आहे. अशांनी छाती आणि खांदा टाळावा आणि आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय बसू नका.

महाराष्ट्रात यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात ओले कपडे आणि बुरशी, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये घाम. होळी-रंगपंचमी, गणपतीचं विसर्जन, दिवाळीचं उटणं, गोव्याची सहल, जे काही जवळ असेल त्याच्या निदान चार आठवडे आधी टॅटू झालेला हवा, नाहीतर नंतर काढा.

स्टुडिओत सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे, शाई टोपणाएवढ्या छोट्या वाटीत ओतून घेतली पाहिजे आणि उरलेली फेकली पाहिजे. शाई पातळ करायला नळाचं पाणी वापरलेलं दिसलं तर उठून या, त्यातल्या जिवाणूंमुळे महिनोन्महिने न भरणारी पुरळं येतात. जत्रेत एकाच सुईनं रांगेनं काढले जाणारे टॅटू तर पूर्ण टाळा. हेपेटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांचा धोका खरा आहे.

पायरी ३ : पहिला दिवस

साधा क्लिंग रॅप (पातळ प्लॅस्टिकचा कागद) गुंडाळला असेल तर तो २ ते ४ तासांत काढायचा. रात्रभर ठेवला तर खाली रक्त, लस (जखमेतून पाझरणारा चिकट द्रव) आणि घाम साचून जंतू वाढतात. चिकटणारी पारदर्शक फिल्म लावली असेल तर पहिली साधारण २४ तासांनी बदलतात आणि दुसरी ३ ते ५ दिवस ठेवतात. फिल्मखाली काळसर पाणी साठणं नेहमीचं आहे. ते कडेनं गळू लागलं की फिल्म काढा, कारण पाणी बाहेर येतं त्याच वाटेनं जंतू आत जातात. फिल्मच्या चौकोनी आकारात लालसर पुरळ आणि खाज आली तर ती चिकटद्रव्याची ॲलर्जी. लगेच काढा आणि पुन्हा लावू नका. फिल्म सरळ वर ओढायची नाही. कोमट पाण्याखाली, कातडीला समांतर ताणत सोडवायची.

मग हात साबणानं धुऊन, बिनवासाच्या सौम्य साबणाचा फेस तळहातावर करून टॅटू बोटांनी हलका धुवा. चिकट लस पूर्ण निघाली पाहिजे, ती वाळली की जाड खपली धरते. टाकीच्या किंवा बोअरच्या पाण्याची खात्री नसेल तर पहिले चार-पाच दिवस उकळून कोमट केलेलं पाणी घ्या. टॉवेल नको, पेपर टॉवेलनं टिपून घ्या आणि दहा मिनिटं उघडं राहू द्या.

पायरी ४ : पहिला महिना

दिवसातून दोन ते तीन वेळा हेच धुणं. पहिले तीन दिवस आर्टिस्टनं सांगितलेलं मलम, नंतर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. तळव्याएवढ्या टॅटूला वाटाण्याएवढं पुरे. लावल्यावर कातडी तुकतुकीत दिसावी, पांढरा थर दिसू नये. नवखे सर्वांत जास्त चुकतात ते इथेच : जास्त मलम म्हणजे जास्त काळजी असं वाटतं. जाड थराखाली खपली भिजून फुगते आणि निघताना शाई घेऊन निघते. रंगात जे पांढरे ठिपके राहतात ते बहुधा याचेच.

हळद, तूप, लिंबू, तुरटी यांतलं काही जखमेवर नको. हळद जखमेला चांगली म्हणून घरातले प्रेमानं लावायला सांगतात, पण स्वयंपाकघरातली पूड निर्जंतुक नसते आणि कण जखमेत अडकतात. खोबरेल तेल जखम पूर्ण भरल्यावर खुशाल लावा, आधी नाही. तीव्र अँटिसेप्टिक द्रवानं नवी कातडी भाजते. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनानं प्रतिजैविक मलमही आणू नका. निओमायसिन असलेल्या मलमांची ॲलर्जी बऱ्याच जणांना होते.

चौथ्या दिवसापासून दुसरा आठवडा संपेपर्यंत साल निघते, रंगीत तुकडे पडतात, खाज सुटते. खाजवायचं नाही, साल ओढायची नाही. खाज असह्य झाली तर वरून तळव्यानं हलकं थोपटा किंवा थोडं मॉइश्चरायझर लावा. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात टॅटू धुरकट, दुधाळ दिसतो. शाई गेली असं वाटून घाबरू नका, वरची नवी कातडी अजून दाट असते. वरून जखम दोन-तीन आठवड्यांत भरली तरी आतून सावरायला दोन-तीन महिने लागतात.

या काळात पोहणं, टबमध्ये बसणं, समुद्र, विहीर, नदी चार आठवडे बंद. शॉवर चालतो. व्यायाम निदान आठवडाभर नको, आणि सांध्याजवळचा टॅटू असेल तर दोन आठवडे. कपडे सैल, सुती, रोज धुतलेले. चादर पहिल्याच रात्री बदला.

लाली आणि दुखणं तीन दिवसांनंतर कमी व्हायला हवं. ते वाढत असेल, जागा गरम लागत असेल, पिवळा-हिरवा पू येत असेल, लाल रेघा काखेकडे किंवा जांघेकडे चढत असतील किंवा ताप आला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. दोन-तीन आठवड्यांनी बारीक गाठी उठल्या आणि साध्या औषधानं जात नसतील, तर टॅटू कधी काढला ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. उपचार त्यावर बदलतात.

पायरी ५ : ऊन, म्हणजे पुढची सगळी वर्षं

जखम भरेपर्यंत सनस्क्रीन नको, सैल कपड्यानं झाका. नंतर एसपीएफ ५०, तळहात भरून नव्हे पण मापानं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या घडीपर्यंत काढलेली पट्टी सुमारे अर्धा ग्रॅम भरते. पाकिटावरचा आकडा चौरस सें.मी.ला २ मि.ग्रॅ. थर धरून मोजलेला असतो. त्या हिशोबानं ही पट्टी बोटांसकट दीड तळव्याएवढ्या जागेलाच पुरते. बहुतेक लोक याच्या निम्मंही लावत नाहीत. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, घाम पुसला की लगेच पुन्हा.

आपल्याकडे मार्च ते मे दुपारी अतिनील निर्देशांक १० च्या वर जातो, आणि दुचाकीवर हात दिवसाला तास-दीड तास उघडे असतात. यावर सनस्क्रीनपेक्षा कापड खात्रीचं. पुण्यात स्कूटरवर बायका घालतात तो सनकोट किंवा नुसत्या सुती बाह्या हा टॅटूसाठी कोणत्याही महागड्या क्रीमपेक्षा चांगला उपाय आहे. कारमध्ये बसलात तरी सुटका नाही. पुढची काच थरांची असते आणि ती यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) बरंचसं अडवते, बाजूच्या साध्या काचेतून ते येतं. आपल्याकडे चालकाची खिडकी उजवीकडे, म्हणून रोज गाडी चालवणाऱ्यांचा उजव्या हातावरचा टॅटू आधी फिका पडतो.

पायरी ६ : रोजचं

अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. त्यानं शाई ताजी होत नाही, पण कोरडी, पांढुरकी कातडी घासलेल्या काचेसारखी असते, त्यातून टॅटू मंद दिसतो. ती ओलसर झाली की रंग लगेच स्पष्ट होतात. रंग खुलवण्याच्या नावाखाली विकली जाणारी खास टॅटू क्रीमही एवढंच करतात.

गजकर्ण झालं तर दुकानदारानं दिलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. बुरशी दबून पसरते आणि कातडी पातळ होते. भरलेल्या टॅटूवर वॅक्सिंग चालतं. केस काढण्याचं लेझर किंवा आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत) मात्र टॅटूवरून अजिबात नाही : शाई ती ऊर्जा शोषते आणि भाजतं. एमआरआयच्या आधी टॅटू असल्याचं सांगा. लोहयुक्त रंगद्रव्य असेल तर क्वचित जागा गरम होते. वर्षातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढून ठेवा. डोळ्यांना रोजचा बदल कळत नाही, फोटोत कळतो.

पायरी ७ : टच-अप, कव्हर-अप, लेझर

पहिला टच-अप, म्हणजे उडालेल्या जागी पुन्हा शाई भरणं, सहा आठवड्यांच्या आत नको, दोन-तीन महिने थांबणं जास्त चांगलं. त्यानंतर काळ्या रेघांच्या कामाला आठ-दहा वर्षांनी, रंगीत कामाला त्याआधी गरज वाटू शकते. दर दोन वर्षांनी टच-अप करू नका. प्रत्येक वेळी कातडीत व्रण वाढतो आणि व्रणात शाई नीट बसत नाही. रेघा फुगलेल्या असतील तर त्यांवरूनच पुन्हा काढल्यानं त्या आणखी जाड होतात. अशा वेळी आर्टिस्टला सांगून मागच्या बाजूला छाया भरून घ्या, म्हणजे जाड रेघ मुद्दाम काढल्यासारखी वाटते.

कव्हर-अप, म्हणजे जुना टॅटू झाकणारा नवा टॅटू, जुन्याच्या दुप्पट-तिप्पट मोठा आणि त्याहून गडद लागतो. फिकट शाईनं गडद शाई झाकली जात नाही. त्याआधी लेझरनं जुना टॅटू थोडा फिका केला तर नक्षीला जास्त वाव मिळतो. आपल्या कातडीवर काळ्या शाईसाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, आणि दोन सत्रांमध्ये सहा ते आठ आठवडे हवेत. लाल शाईसाठी लागणारी ५३२ नॅनोमीटरची तरंगलांबी आपल्याच रंगद्रव्यातही शोषली जाते, त्यामुळे पांढरे डाग पडण्याची भीती असते. पांढरी किंवा कातडीच्या रंगाची शाई लेझरनं उलट काळी पडू शकते. त्यामुळे आधी कोपऱ्यात एका ठिपक्यावर चाचणी करून घ्या, ती त्वचारोगतज्ज्ञांकडेच. शेवटच्या सत्रानंतर निदान आठ आठवडे जाऊ द्या, जागा सपाट आणि थंड लागू लागली की मगच नव्या शाईसाठी वेळ घ्या.